मिशन शाळेचा आठवडा आणि आपत्तीचा आराखडा: दोन्ही एकाच कागदावर कसे आणायचे

जवळपास प्रत्येक शाळेत आपत्ती व्यवस्थापनाची एक फाईल असते. तपासणीला साहेब आले की ती मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर येते, सही-शिक्का होतो आणि पुन्हा कपाटात जाते. तिच्यात नकाशा असतो, लाल बाण असतात, समितीच्या सदस्यांची नावं असतात. आज कोणता वार आहे याचा मात्र तिला पत्ता नसतो.

नाशिकच्या ख्रिस्ती मिशन शाळांमध्ये हीच उणीव सगळ्यात जास्त नडते. शुक्रवारी तिसऱ्या तासाला सातवी 'ब'ची निम्मी मुलं चॅपलमध्ये असतात, उरलेली मूल्यशिक्षणासाठी शेजारच्या वर्गात, आणि हजेरीपत्रक शिक्षकांच्या खोलीत. शनिवारी सकाळची शाळा. रविवारी तेच आवार चर्चचं होतं, बाकं हलतात, मागचं फाटक बंद होतं. आग, साप, पूर यांना वार कळत नाही, पण त्या क्षणी मुलं कुठे असतील हे वारच ठरवतो. म्हणून आराखडा वेगळा आणि वेळापत्रक वेगळं ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खालची पद्धत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी लिहिली आहे. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघ, तिघांनी मिळून ती राबवायची आहे.

पहिली पायरी: आवार पायी फिरून पाहा

नकाशा टेबलावर बसून काढू नका. तिघांनी फिरा: एक शिक्षक, एक शिपाई मामा आणि आठवीतला एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी. विद्यार्थी हवाच. कोणत्या फाटकाची कडी अडकते, कोणत्या भिंतीवरून मुलं उडी मारतात, जिन्याखाली कुणी काय लपवतं, हे त्यालाच ठाऊक असतं.

शरणपूर परिसरातली ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. तिथल्या आणि नाशिकरोडकडच्या जुन्या मिशन आवारांत दगडी भिंती, लाकडी जिने, कौलारू छपरं अजून दिसतात. इमारती देखण्या आहेत, पण जिना बहुधा एकच आणि अरुंद असतो. फिरताना इतकं तरी लिहून घ्या:

- प्रत्येक दार आत उघडतं की बाहेर, त्याला कुलूप असतं का, चावी कुणाकडे.
- विजेचा मुख्य स्विच कुठे. तो बंद करता येणारी दोन माणसं कोण.
- गॅस सिलिंडर, प्रयोगशाळेतली रसायनं, झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे, जुन्या बाकांचा ढीग.
- विहीर किंवा उघडी टाकी, वाकलेली झाडं, छज्जाखालची मधमाश्यांची पोळी.
- खिडक्यांच्या जाळ्या. पहिल्या मजल्यावरची एकही जाळी उघडत नसेल तर तो मजला जिन्याच्या भरवशावर आहे.

जाळीचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटतो. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्या प्रकरणावरून दाखल याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी देशातल्या सगळ्या शाळांसाठी सुरक्षेचे निकष बंधनकारक केले. अग्निशामक नळकांडी, राष्ट्रीय इमारत संहितेचं पालन आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्रात तर २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणेची तपासणी करून 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावं लागतं. शाळेच्या दिनदर्शिकेत प्रजासत्ताक दिनाशेजारीच ती तारीख छापून टाका, म्हणजे कुणी विसरणार नाही.

दुसरी पायरी: आठवड्याचा तक्ता

एक मोठा कागद घ्या. आडवे वार, उभे तास. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी लिहा: वर्ग कुठे आहे, किती मुलं, जबाबदार कोण, बाहेर पडायचं दार कोणतं. नेहमीच्या वर्गात नेहमीच्या शिक्षकाचा तास असेल तर चौकट कोरी सोडा. कोऱ्या नसलेल्या चौकटींवरच खरं काम करायचं आहे.

सोमवार. आठवड्यातला सगळ्यात फसवा दिवस. रविवारी आवारात उपासना झालेली असते, संडे स्कूल भरलेलं असतं, कधी एखादं लग्न. परिणामी मागच्या जिन्यात मंडपाचे बांबू, सभागृहाच्या दुसऱ्या दारासमोर खुर्च्यांची चळत, आणि चावी चर्चच्या सेवकाबरोबर घरी. सोमवारी मुलं यायच्या अर्धा तास आधी शिपाई मामांनी सगळी दारं स्वतः उघडून पाहायची आणि वहीत सही करायची. फादर किंवा पाळकसाहेबांशी एकदा बोलून ठेवा: आवार वापरल्यावर ते होतं तसं करून देणं ही चर्चची जबाबदारी. हे बोलायला शिक्षक कचरतात. बोलायला हवं.

सोमवारी मोठी प्रार्थनासभा होते. राष्ट्रगीत, राज्यगीत, संविधानाची उद्देशिका, बायबलमधलं वाचन. प्रार्थनेला वर्ग जिथे रांगा करून उभे राहतात, तीच जागा आणि तोच क्रम आपत्तीतल्या जमण्याच्या जागेसाठी ठेवा. मुलांच्या पायांना ती जागा आधीच माहीत असते, नवीन काही शिकवावं लागत नाही. फक्त ती इमारतीपासून पुरेशी दूर आहे आणि अग्निशमन दलाच्या गाडीच्या वाटेत येत नाही, हे तपासा.

मंगळवार बहुतेक ठिकाणी खेळ आणि प्रयोगशाळेचा. मैदानावरच्या मुलांना घंटा ऐकू येते का, हे वारा सुटलेला असताना तपासा. प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या बादल्या भरलेल्या आहेत का पाहा.

बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. पंचवटी, रविवार कारंजा, मालेगाव स्टँडकडून येणाऱ्या रिक्षा आणि व्हॅनना त्या दिवशी वेळ लागतो, आणि रुग्णवाहिकेलाही लागेल. म्हणून रुग्णालयाकडे जायचा दुसरा रस्ता बुधवारसाठी वेगळा लिहून ठेवा. अनुदानित तुकड्यांना पोषण आहार मिळत असेल तर वाढण्याआधी शिक्षकाने चव घेणं रोजच सक्तीचं आहे, पण नमुना झाकून बाजूला ठेवायची सवय बऱ्याच शाळांत मोडलेली असते. ती पुन्हा लावा. विषबाधेची शंका आली तर पहिला प्रश्न त्याच डब्याबद्दल येतो.

गुरुवारी तक्रारपेटी उघडा, तीही सखी सावित्री समितीच्या सदस्यांसमोर. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत आवश्यक केली आहे. आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धूर आणि पाणी येतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला बसमधल्या माणसाची भीती वाटत असेल तर तीही आपत्तीच आहे. ती चिठ्ठी आठवडाभर पेटीत पडून राहता कामा नये. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि स्वच्छतागृहाच्या दारामागेही. तिथे मुलं एकटी असतात, निवांत वाचतात.

शुक्रवार. इथे थोडं थांबायला हवं. ख्रिस्ती मुलं चॅपलमध्ये उपासनेला किंवा धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही, आणि अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते. हे संमतीपत्रक शाळा जूनमध्ये घेतेच. त्याच पत्रकावरून शुक्रवारच्या दोन याद्या तयार करा: चॅपलची आणि वर्गाची. दोन्हींवर वर्ग आणि हजेरी क्रमांक हवेत. काही शाळांत मुस्लिम मुलांना जुम्म्याच्या नमाजासाठी लवकर सोडतात, त्यांची तिसरी यादी. म्हणजे घंटा वाजली तर वर्गशिक्षिका 'अर्धा वर्ग कुठे गेला?' म्हणत धावणार नाही.

चॅपलच्या दारात आणखी एक अडचण असते, चपला-बुटांची. मुलं आत जाताना दारातच पादत्राणं काढतात. धावपळीत प्रत्येक जण स्वतःचा बूट शोधायला वाकतो आणि मागचा त्याच्यावर कोसळतो. पादत्राणांची मांडणी दारापासून चार-पाच पावलं बाजूला हलवा आणि मुलांना निक्षून सांगा: अनवाणी बाहेर या. संगणक कक्षालाही हेच लागू.

वेदीवरच्या मेणबत्त्या वाळू भरलेल्या ताटात उभ्या करा. पडदे आणि कागदी फुलं त्यांच्यापासून हातभर दूर ठेवा. उपासना संपल्यावर मेणबत्त्या कोण विझवणार, त्याचं नाव तक्त्यात लिहा. 'कुणीतरी विझवेल' असं गृहीत धरलं की त्या जळत राहतात.

शनिवार कवायतीचा. २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम सुरू केला, आणि त्यातल्या सुचवलेल्या विषयांत आपत्ती व्यवस्थापनाची मूलतत्त्वंही आहेत. त्यामुळे अभ्यासक्रम राहतो ही सबब उरत नाही. शिवाय वीज आणि पाणी दुरुस्तीसाठी नाशिकमध्ये बऱ्याचदा शनिवारच निवडला जातो. वीज नसताना कवायत करायची आयती संधी.

तिसरी पायरी: घंटा ठरवा, दोनच

मी पाहिलेल्या आराखड्यांत सहा-सात प्रकारच्या घंटा असतात. आगीची वेगळी, भूकंपाची वेगळी, घुसखोराची वेगळी. भेदरलेल्या माणसाला दोनच गोष्टी लक्षात राहतात: बाहेर जा, किंवा आत राहा.

'बाहेर' साठी अखंड वाजणारी घंटा, थांबवेपर्यंत. 'आत' साठी दोन टोल, थोडा विराम, पुन्हा दोन टोल. तीन-तीन टोल मुद्दाम टाळा, कारण कॅथलिक आवारात एंजलसच्या प्रार्थनेची घंटा तीन-तीन टोलांत वाजते आणि दुपारी बाराची तर शाळेच्या वेळेतच येते. त्याच कारणासाठी चर्चच्या मनोऱ्यातली घंटा आपत्तीसाठी वापरू नये. अंत्यविधीलाही तीच वाजते.

विजेवरची घंटा वीज गेली की मुकी. पितळी टोल आणि हातोडी जिन्याच्या तळाशी टांगा. मेगाफोन असेल तर बॅटरी सोमवारच्या तपासणीत पाहा.

चौथी पायरी: हजेरी

सगळ्या कवायतीचा अर्थ एका प्रश्नात आहे: सगळी मुलं आली का? सकाळी हजेरी झाली की वर्गातल्या उपस्थितांचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात आणि एका पुठ्ठ्यावर लिहा. पुठ्ठा दाराजवळच्या खिळ्याला. शिक्षक बाहेर पडताना तोच घेऊन निघतात. जाड हजेरीपत्रक शोधत बसायचं नाही. मधल्या सुट्टीत कुणी घरी गेलं, कुणी उशिरा आलं, तर मॉनिटर आकडा बदलतो. या वयाच्या मुलांना अशी खरी जबाबदारी आवडते. मोठ्यांनी ती दिली पाहिजे.

जमण्याच्या जागेवर प्रत्येक वर्ग दोन पाट्यांपैकी एक वर करतो: हिरवी म्हणजे पूर्ण, लाल म्हणजे कुणीतरी कमी. मुख्याध्यापक फक्त लाल पाट्यांकडे जातात. बहुतेक वेळा हरवलेलं मूल स्वच्छतागृहात, पाण्याच्या टाकीवर किंवा कार्यालयात वही घ्यायला गेलेलं असतं. म्हणून या तीन जागा पाहण्याचं काम दोन कर्मचाऱ्यांना आधीच नेमून द्या. मुलींच्या स्वच्छतागृहासाठी बाईच हव्यात.

ख्रिस्ती शाळेत एक गोष्ट हमखास होते. मैदानावर आल्याबरोबर कुणीतरी सिस्टर किंवा बाई 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू करतात आणि मुलं हात जोडून डोळे मिटतात. भावना समजते. पण डोळे मिटलेल्या रांगेत मोजणी होत नाही. आधी मोजणी, सगळ्या हिरव्या पाट्या वर, मगच प्रार्थना.

पाचवी पायरी: शनिवारची कवायत

महिन्यातून एक शनिवार धरा. जूनमध्ये पहिली कवायत सांगून करा, मुलांना वाट दाखवा. जुलैची तारीख फक्त शिक्षकांना सांगा. त्यानंतर कुणालाच नाही.

१. मुख्याध्यापक एक प्रसंग ठरवतात आणि चिठ्ठीवर लिहितात: 'पोषण आहाराच्या खोलीत धूर, पूर्वेचा जिना बंद.'
२. एक शिपाई त्या जिन्यात लाल कापड बांधतो. मुलांनी दुसरी वाट शोधायची आहे.
३. टोल. शिक्षक आधी दारात उभे राहून वाट मोकळी आहे का पाहतात, मग रांग सोडतात. दप्तरं जागेवरच.
४. मुलांना नियम चार: बोलायचं नाही, धावायचं नाही, ढकलायचं नाही, मागे फिरायचं नाही. धूर दाखवला असेल तर वाकून, नाकाला रुमाल.
५. अपंग किंवा पाय मोडलेल्या मुलाबरोबर ठरलेली दोन मोठी माणसं. 'जवळचा कुणीतरी मदत करेल' यावर सोडायचं नाही.
६. शेवटचा शिक्षक दार लोटतो, कुलूप लावत नाही.
७. पाट्या, मोजणी, आकडा मुख्याध्यापकांकडे.
८. वेळ नोंदवा, पण वर्गावर्गांत स्पर्धा लावू नका. स्पर्धा लागली की मुलं धावतात.

मुलं हसतील, एखादा 'बिबट्या आला रे' ओरडेल. सहावी-सातवीचं वयच ते. शिक्षा करू नका. पुढच्या वेळी त्यालाच लाल पाटी सांभाळायला द्या.

भूकंपाच्या कवायतीचा क्रम उलटा. दिंडोरी, पेठ, कळवण पट्ट्यात अधूनमधून सौम्य हादरे जाणवतात. हादरा चालू असताना बाहेर पळायचं नाही. बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरायचा. थांबला की मग अखंड घंटा. कौलारू इमारतीतून बाहेर पडताना भिंतीला चिकटून चालू नका, कौलं नंतरही घसरतात.

शिक्षक आणि शिपाई यांच्यासाठी वर्षातून एकदा अग्निशामक नळकांडं प्रत्यक्ष वापरायला द्या. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. नेहमीचं पावडरचं नळकांडं वीस सेकंदांच्या आत रिकामं होतं. ज्वाळा छताला लागल्या असतील तर त्याच्या नादी लागू नका, दार ओढून घ्या आणि बाहेर पडा.

नाशिकचे आपले धोके

गोदावरीला पूर येतो तो दोन वाटांनी: शहरातला पाऊस आणि गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी. २०१६ चा मोठा पूर २ ऑगस्टला, मंगळवारी, म्हणजे शाळेच्या वारी आला. २०१९ चा ४ ऑगस्टला, रविवारी. नदी तीच, पण शाळेला दोन्ही वेळी वेगळीच कामं होती. मंगळवारी मुलं घरी पोचवणं, रविवारी सोमवारचा निर्णय पालकांना वेळेत कळवणं.

नाशिककर पुराची पातळी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. शाळेने त्याच्या छातीपर्यंत वाट पाहू नये. जूनमध्येच 'नदीपलीकडची मुलं' अशी यादी करा. शाळा शरणपूर रोडच्या बाजूला आणि घर पंचवटीत असेल तर मुलाला पूल ओलांडावाच लागतो. रामसेतू पूल लवकर पाण्याखाली जातो आणि गाडगे महाराज पूलही बंद होतो. धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली की या यादीतली मुलं आधी सोडा, तीही मोठ्या पुलावरून जाणाऱ्या वाहनातून आणि मोठ्या माणसाबरोबर. पूल बंद झाला असेल तर मूल शाळेतच थांबेल. त्यासाठी बिस्किटं, पाणी, चादरी, सॅनिटरी पॅड आणि टॉर्च एका लोखंडी पेटीत कोरडी ठेवा, तळमजल्यावर नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर मिळतो.

बिबट्याची बातमी आता नाशिकला नवीन राहिलेली नाही. नाल्याकाठच्या झाडीतून, उसाच्या कडेने तो वस्तीत येतो. हिवाळ्यातल्या सकाळच्या शाळेला मुलं अंधारात निघतात, त्यांना गटाने यायला सांगा. परिसरात दिसल्याची खबर आली की 'आत'ची घंटा. दारं-खिडक्या बंद, मुलं भिंतीकडच्या बाजूला, वन विभागाला १९२६ वर फोन. बिबट्यापेक्षा त्याला पाहायला जमणारी गर्दी जास्त घातक ठरते. शिक्षकांनी गच्चीवर चढून मोबाईलवर चित्रीकरण करायचं नाही, हे बैठकीत नाव न घेता सांगून टाका.

आग्या मोहोळाची पोळी शाळेच्या कर्मचाऱ्यांनी धूर करून काढू नयेत. जाणकाराला बोलवा, शाळेला सुट्टी असताना, अंधार पडल्यावर. माश्या उठल्या तर 'आत'ची घंटा. बाहेर अडकलेल्या मुलाने हात झटकत उभं न राहता डोकं झाकून जवळच्या खोलीत पळायचं. काटा नखाने किंवा कार्डाने चटकन काढा. ओठ सुजले, धाप लागली, तर घरगुती उपाय नको, सरळ १०८.

वीज पडण्याचा धोका मार्च ते मे आणि परतीच्या पावसात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप क्रीडाशिक्षकांच्या फोनवर असू द्या. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदान बंद. झाडाखाली कुणीही नाही.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. हात किंवा पाय हलू नये अशी फळी बांधा, मुलाला चालू देऊ नका, आणि विषप्रतिबंधक लस मिळेल तिथे न्या. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता प्रत्येक चालकाला माहीत हवा. साप पकडण्यात वेळ घालवू नका.

प्रथमोपचार, थोडक्यात

पेटीत ताप-पोटदुखीच्या गोळ्यांचा साठा नको. ॲलर्जी कुणाला आहे हे शिपाई मामांना माहीत नसतं. पट्ट्या, निर्जंतुक कापूस, कात्री, हातमोजे, तापमापक, ओआरएसची पाकिटं पुरेत. दम्याचा पंप किंवा फिटची औषधं असलेल्या मुलांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी वेगळ्या लिफाफ्यात, कार्यालयात.

फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा, काहीही नाका-तोंडाजवळ न्यायचं नाही. मुलाला कुशीवर करा, आजूबाजूची बाकं सरकवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांहून जास्त चालली तर १०८. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ नको.

पालकांना निरोप आणि मूल सोपवणं

घंटा वाजल्यापासून पाच-दहा मिनिटांत एखाद्या पालकाच्या व्हॉट्सॲपवर बातमी पोचते, आणि ती नेहमी वाढवून पोचते. म्हणून शाळेचा पहिला निरोप तयार असू द्या, फक्त रिकाम्या जागा भरायच्या:

"नमस्कार. आज ___ वाजता शाळेत ___ घडले. सर्व मुले मैदानावर सुरक्षित असून मोजणी पूर्ण झाली आहे. कृपया शाळेच्या फाटकाशी गर्दी करू नका, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवा. मुलांना ___ फाटकातून, ओळखपत्र पाहून सोपवले जाईल. पुढचा निरोप ___ वाजता."

मोजणी पूर्ण झालीच नसेल तर तसं लिहू नका. 'मोजणी चालू आहे' लिहा.

मूल फक्त यादीतल्या माणसाकडे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी तीन नावं द्यायची: आई-वडील सोडून आजी, मामा, शेजारी, जे कुणी असेल. रिक्षावाले काका वर्षानुवर्षं मुलांना नेतात, मुलांचा त्यांच्यावर जीव असतो, पण आपत्तीच्या दिवशी त्यांच्याकडे मूल द्यायचं की नाही हे पालकांनी आधीच लेखी सांगितलेलं हवं. विभक्त झालेल्या पालकांच्या बाबतीत न्यायालयाचा आदेश काय आहे, ते कार्यालयात नोंदलेलं असावं.

मिशनच्या बोर्डिंगमधल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातले त्यांचे आई-वडील ऑक्टोबरच्या छाटणीपासून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, फोनला रेंज नसते, नंबर बदलतो. या मुलांसाठी गावचे पोलीस पाटील आणि मिशनचे प्रचारक यांचे क्रमांक घ्या आणि दर दिवाळीनंतर पुन्हा तपासा. रात्रीची कवायत बोर्डिंगसाठी स्वतंत्र, वर्षातून दोनदा तरी. शयनगृहाचं दार बाहेरून कुलूप लावून बंद करायची पद्धत कुठे असेल तर ती आजच थांबवा.

नाताळ आणि सिंहस्थ

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुसंख्य मुलं आणि बाया होत्या. आपल्या नाताळच्या कार्यक्रमाची तारीख तिच्या आसपासच असते. मंडप कापडाचा, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात सुकं गवत, त्यावर चिनी दिव्यांची माळ, आणि देवदूतांच्या अंगावर जिलेटीनचे पंख. मंडपवाल्याकडून दोन बाजूंना रुंद वाटा लेखी घ्या. गोठ्यात दिव्याची माळ गवताला न टेकता तारेवर ओढा, आणि रात्री मुख्य स्विच बंद. मेणबत्ती-गीतासाठी मुलांच्या हातात बॅटरीचे दिवे द्या. जुन्या पालकांना खऱ्या मेणबत्त्याच हव्या असतात, त्यांची कुरकुर सोसा. प्रेक्षकांना सुरुवातीलाच सूत्रसंचालकाने बाहेरच्या वाटा हाताने दाखवायच्या. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला शाळेची मुलं स्वयंसेवक म्हणून जात असतील तर चुकामूक झाल्यास भेटायची जागा प्रत्येकाला पाठ हवी.

येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, आणि २०२७ मधली पहिली दोन अमृतस्नानं २ ऑगस्टला सोमवारी आणि ३१ ऑगस्टला मंगळवारी येतात. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते. त्या दिवसांत रस्ते बंद असतील, रुग्णवाहिकेची नेहमीची वाट चालणार नाही. पोलिसांचा वाहतूक आराखडा जाहीर झाला की तक्त्यातल्या बुधवारच्या पर्यायी रस्त्यांप्रमाणेच या आठवड्यांचे रस्ते वेगळ्या रंगाने लिहा, आणि मुख्य पर्वांच्या आगेमागे सहली किंवा आंतरशालेय सामने ठेवू नका.

नोंदवही

प्रत्येक कवायतीनंतर त्याच दिवशी, शिक्षक घरी जाण्याआधी, पंधरा मिनिटं बसा. वहीत तारीख, वार, तास, लागलेला वेळ, किती लाल पाट्या, कोणतं दार अडलं, कुणाला घंटा ऐकू आली नाही. शिपाई आणि स्वयंपाकिणींनाही विचारा, त्यांना वेगळं दिसलेलं असतं. प्रत्येक उणिवेसमोर एक नाव आणि दुरुस्तीची तारीख. ती तारीख शक्यतो पुढच्या सोमवारची ठेवा, कारण सोमवारी सकाळी दारं तपासायला शिपाई मामा येणारच आहेत. ११२, १०१, १०८, १०९८, १०७७, १९२६ आणि गॅसगळतीसाठी १९०६ हे क्रमांक वहीच्या मुखपृष्ठावर चिकटवा, आणि वही कपाटात न ठेवता टोलाशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधा.